उताऱ्यावरचे 2.20 आणि न विचारणारा वाचक

कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात 2.20 असा आकडा असला, तर निपाणी, चिकोडी किंवा खानापूर तालुक्यातला कोणताही शेतकरी तो दोन एकर वीस गुंठे असाच वाचतो. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो हे त्याला पाठ असते. त्यामुळे टिंबाच्या उजवीकडचे वीस म्हणजे अर्धा एकर आणि एकूण रान अडीच एकर, हा हिशेब आकडा वाचता वाचताच त्याच्या मनात झालेला असतो. हाच 2.20 एखाद्या संगणक प्रणालीला क्षेत्र म्हणून दिला आणि हे टिंब दशांशचिन्ह नाही असे तिला कोणी सांगितले नाही, तर ती सव्वादोन एकरांहूनही कमी जमीन धरते. बारा गुंठे हिशेबातून नाहीसे होतात. पीककर्जाची मर्यादा एकरी दराने ठरते, म्हणून त्या बारा गुंठ्यांवरचे कर्जही कमी होते, आणि चूक झाल्याची खूण कोठेही राहत नाही, कारण 2.2 हा आकडा दिसायला अगदी निर्दोष असतो.

निपाणीहून कागलकडे निघाले की थोड्याच वेळात महाराष्ट्र लागतो आणि जमिनीची कागदपत्रे बदलतात. तिथे सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते. शंभर आरांचा हेक्टर होत असल्यामुळे तिथला 1.20 दशांशात वाचला तरी बरोबरच येतो. सीमेलगतच्या गावांत एकाच कुटुंबाची जमीन दोन्ही राज्यांत असणे नवलाचे नाही. अशा घरातल्या पेटीत दोन उतारे शेजारी शेजारी असतात, दोन्हींवर टिंब असलेले आकडे असतात आणि त्या दोन टिंबांचे अर्थ वेगळे असतात. एक हेक्टर म्हणजे दोन एकर आणि जवळपास एकोणीस गुंठे, हे दोन्ही बाजूंना वावरणाऱ्या माणसाला ठाऊक असते. हे ज्ञान माणसांच्या डोक्यात राहते. सॉफ्टवेअरमध्ये ते कोणीतरी लिहावे लागते.

बेळगावात सहकारी संस्थांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरची माहिती लिहिणे हे माझे काम आहे. कोणते बटण काय करते, कोणत्या रकान्यात काय भरायचे, मार्चअखेरीला अहवाल कसा काढायचा, अशी पुस्तिका मी संस्थेच्या सचिवासाठी आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांसाठी लिहीत आलो. आता त्या माहितीला नवा वाचक मिळाला आहे. तो एआय एजंट आहे. एजंट म्हणजे असे भाषा-मॉडेल, जे केवळ उत्तर लिहून थांबत नाही, तर समोरच्या कामासाठी उपलब्ध टूलपैकी, म्हणजे एकेक ठरावीक काम करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सोयींपैकी, एक निवडते, त्याला लागणारी मूल्ये स्वतः भरते, आलेले उत्तर वाचते आणि पुढची पायरी ठरवते. जून 2023 मध्ये ओपनएआयने आपल्या एपीआयमध्ये (दुसऱ्या सॉफ्टवेअरला मॉडेल वापरता येते ती जोडणी) फंक्शन कॉलिंगची, म्हणजे मॉडेलने टूल बोलावण्याची, सोय आणली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. तेव्हापासून टूल आणि मॉडेल जोडण्याची एक सर्वमान्य रीत तयार होत गेली. या रीतीत प्रत्येक टूलविषयी मॉडेलला प्रामुख्याने तीन गोष्टी कळतात. टूलचे नाव, त्याचे साध्या भाषेतले वर्णन आणि त्याला द्यायच्या मूल्यांचा साचा, जो जेसन स्कीमामध्ये, म्हणजे जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीचे नियम सांगणाऱ्या प्रमाणित स्वरूपात, लिहिलेला असतो. आतला कोड मॉडेलला एरवी दिसत नाही, आणि डेटाबेसमधले तक्ते किंवा ज्या बैठकीत एखादा नियम ठरला ती बैठकही त्याच्यासमोर नसते. एकेकाळी जे परिशिष्ट म्हणून लिहिले जाई, ते वर्णनच आता टूलचा दर्शनी भाग झाले आहे.

एखाद्या कृषी पत्तीन सहकारी संघात, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, नवा कारकून रुजू झाला की पुस्तिकेत काय आहे यावर त्याचे सगळे अवलंबून नसते. तो शेजारच्या टेबलावर विचारतो, जुन्या वहीत डोकावतो. समोरचा शेतकरीही, ‘अहो साहेब, अडीच एकर आहे माझं, तुम्ही सव्वादोन काय लिहिताय?’ असे म्हणून त्याला अडवतो. लिखाणातली उणीव अशी माणसांच्या बोलण्यातून भरून निघते, आणि म्हणूनच आमच्या पुस्तिका इतकी वर्षे अर्धवट असूनही चालून गेल्या. एजंटला शेजारचे टेबल नाही. संदिग्ध जागी थांबून प्रश्न विचारावा अशी सूचना त्याला देता येते, पण जागा संदिग्ध आहे हेच जर लिखाणातून कळत नसेल तर तो कशासाठी थांबणार? क्षेत्र अशा नावाचा रकाना दिसला आणि त्यात अंक हवा असे लिहिलेले असले, की तो अंक भरतो. त्याच्याकडून झालेली ही चूक खरे तर वर्णन लिहिणाऱ्याच्या मौनातून आलेली असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या क्षेत्राच्या रकान्याकडेच थोडे जवळून पाहू, कारण एवढ्याशा जागेत या सगळ्या विषयाचे मर्म आहे. पहिला विचार मनात येतो तो असा, की वर्णनात ‘क्षेत्र एकर.गुंठे या स्वरूपात द्यावे’ एवढे वाक्य घातले की काम भागेल. तेवढ्याने भागत नाही. जेसनमध्ये अंक म्हणून लिहिलेले 2.20 आणि 2.2 यांत काहीच फरक नसतो, शेवटचे शून्य गळून पडते. नंतर तो आकडा वाचणाऱ्याला दोन एकर वीस गुंठे आणि दोन एकर दोन गुंठे यांपैकी काय घ्यायचे हे कळत नाही. म्हणजे येथे नुसते वर्णन सुधारणे पुरेसे नाही, साचाच बदलायला हवा. एकर हा एक पूर्णांक आणि गुंठे हा दुसरा पूर्णांक, असे दोन स्वतंत्र रकाने करायचे आणि गुंठ्यांना 0 ते 39 अशी मर्यादा घालायची. उताऱ्यावर गुंठ्याच्या खाली आणेही असतात, सोळा आण्यांचा एक गुंठा, म्हणून तिसरा रकाना 0 ते 15 चा. पलीकडच्या सातबारासाठी हेक्टर आणि आर यांचे वेगळे टूल करायचे, किंवा कोणत्या राज्याचा उतारा आहे हे सांगणे सक्तीचे करायचे. मी पहिल्या मार्गाच्या बाजूचा आहे. एकाच टूलमध्ये दोन मोजमापे कोंबली की वर्णन लांबते आणि चुकायला जागा वाढते.

एवढे झाल्यावर वर्णन लिहायला बसले की ते आपोआप नेमके होऊ लागते. ‘कर्नाटकातील उताऱ्यावरील क्षेत्रावरून पीककर्जाची कमाल मर्यादा काढते. क्षेत्र उताऱ्यावर आहे तसेच एकर, गुंठे व आणे अशा वेगळ्या रकान्यांत द्यावे, दशांशात रूपांतर करू नये. महाराष्ट्रातील सातबारासाठी हे टूल वापरू नये. उत्तरातील रक्कम रुपयांत असते आणि ती केवळ मर्यादा असते, मंजूर कर्ज नव्हे. या टूलमुळे संस्थेच्या कोणत्याही नोंदीत बदल होत नाही.’ पूर्वी याच जागी ‘कर्जमर्यादा काढते’ एवढेच असायचे. या पाच वाक्यांतले प्रत्येक वाक्य कारकुनाने कधी ना कधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. टूल कशासाठी वापरू नये हे सांगणारे वाक्य लिहिताना लेखकाचा हात आखडतो, असा माझा अनुभव आहे. आपल्या वस्तूची मर्यादा आपणच का सांगावी, असे वाटते. पण एजंटपुढे एकाच वेळी अनेक टूल मांडलेली असतात, आणि त्यांतले एक निवडताना त्याला सर्वांत जास्त उपयोग याच वाक्याचा होतो.

निवडीचा हा प्रश्न सहकारी संस्थांत फार ठळकपणे उभा राहतो. सभासद शोधणे, ग्राहक शोधणे आणि खातेदार शोधणे अशी तीन टूल एका यादीत ठेवली, तर बाहेरच्या माणसाला ती एकच वाटतील. संस्थेच्या आत मात्र तो कायद्याचा फरक असतो. भाग घेतलेला सभासद वेगळा, मतदानाचा अधिकार नसलेला नाममात्र सभासद वेगळा, आणि रोज पिग्मी भरणारा ठेवीदार आणखी वेगळा. वार्षिक सभेची नोटीस कोणाला पाठवायची असा प्रश्न आला आणि एजंटने ग्राहकांची यादी उचलली, तर नोटीस भलत्याच लोकांना जाईल. ‘बाकी’ असे नाव दिलेल्या रकान्याचेही तसेच आहे. कर्जखात्यावर एकूण येणे असलेली रक्कम आणि हप्त्याची मुदत उलटून गेलेली थकबाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमित हप्ते भरणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यावर येणे बाकी दिसते म्हणून त्याला थकबाकीची सूचना गेली, तर गावात त्याची मान खाली जाते. ज्या गावात संस्थेचा सचिव आणि कर्जदार एकाच पारावर बसतात, तिथे ही गोष्ट रकान्याच्या नावापुरती राहत नाही. म्हणून प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे, व्याज धरून आहे की न धरता, आणि तीत मुदत न आलेले हप्ते मोजले आहेत का, हे लिहिलेच पाहिजे, असा आग्रह मी धरतो.

तारखांविषयी फार सांगण्याची गरज नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने 2025-04-03 अशी आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धती आहे, ती वापरावी आणि वर्णनात एक नमुना द्यावा. आर्थिक वर्ष मात्र ‘2025’ असे कधीही घेऊ नये, 2024-25 की 2025-26 हा घोळ मार्च आणि एप्रिलच्या उंबरठ्यावर हमखास होतो.

आमच्या भागात याहून अवघड प्रश्न नावांचा आहे, आणि त्यावर सरधोपट उपाय नाही. कर्नाटक सरकारच्या भूमी प्रकल्पातून सुमारे 2 कोटी उतारे संगणकावर आले. ते कन्नडमध्ये आहेत. संस्थेच्या जुन्या नोंदी अनेक ठिकाणी मराठीत, बँकेची कागदपत्रे इंग्रजीत आणि आधारवरचे नाव आणखी वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले असते. कन्नडमध्ये ए आणि ओ या स्वरांना ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन स्वतंत्र रूपे आहेत. देवनागरीत मराठी लिहिताना ती नसतात, त्यामुळे ‘मोरे’ हे आडनाव दोन कारकुनांनी कन्नडमध्ये दोन प्रकारे लिहिणे अगदी शक्य आहे. गावांचीही हीच गत आहे. बेळगावचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झाले, पण त्याआधीच्या नोंदींत जुनेच नाव आहे, आणि लोक अर्ज लिहिताना दोन्ही लिहितात. शोधाचे टूल जर अक्षर न् अक्षर जुळवून पाहत असेल तर ते रिकामी यादी परत करते, आणि एजंट त्यावरून शांतपणे निष्कर्ष काढतो की या नावाचा सभासदच नाही.

रिकाम्या यादीचा अर्थ काय, हे मला वर्णनातले सर्वांत दुर्लक्षित वाक्य वाटते. शोध पूर्ण झाला आणि काहीच सापडले नाही, शोध अपुरा राहिला, शोधणाऱ्याला ती नोंद पाहण्याची परवानगी नाही, की सर्व्हरशी संपर्कच झाला नाही, या चार अवस्था चार वेगळ्या उत्तरांनी सांगितल्या गेल्या पाहिजेत. ‘हे टूल फक्त कन्नड लिपीतील नाव जसेच्या तसे जुळवते. काही न सापडल्यास सभासद अस्तित्वात नाही असे समजू नये, सभासद क्रमांक किंवा सर्व्हे नंबरने पुन्हा शोधावे,’ एवढे लिहिले की एजंटची वागणूक लगेच बदलते, तो दुसऱ्या वाटेने जाऊन पाहतो. गावासाठी नावाऐवजी केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला सांकेतिक क्रमांक घ्यावा, म्हणजे जुन्या-नव्या नावाचा प्रश्न तरी मिटतो. माणसाचे नाव मात्र क्रमांकात बसवता येत नाही. तिथे टूलने दोन-तीन जवळची नावे परत द्यावीत आणि निवड काउंटरवरच्या माणसाने करावी, असे वर्णनातच सांगणे मला योग्य वाटते.

चूक झाल्यावर दिला जाणारा संदेश हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, ही गोष्ट माणसांसाठी लिहिताना आमच्यापैकी बहुतेकांनी कधी मनावर घेतली नव्हती. ‘अवैध विनंती’ असा संदेश पाहून माणूस फोन उचलतो. एजंट मात्र तो संदेश वाचून पुढचा प्रयत्न करतो, आणि संदेशात काही नसेल तर तो प्रयत्न अंधारातला असतो. ‘गुंठे 0 ते 39 मध्ये हवेत, 45 मिळाले, क्षेत्र दशांशात दिले आहे का ते तपासा’ असा संदेश मिळाला तर तो पुढच्याच फेरीत दुरुस्त होतो. संदेश लिहिणाऱ्याने येथे थोडे कष्ट घेतले तर त्याचा फायदा काउंटरवरच्या माणसालाही होतो. अशा लिखाणाने मला या कामाची गोडी नव्याने लागली आहे.

खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नसतो. तिथे पिग्मीची नोंद पाठवली, उत्तर आले नाही, म्हणून पुन्हा पाठवली, असे घडणारच. दुसऱ्यांदा पाठवल्यावर रक्कम दोनदा जमा होईल, की पावती क्रमांक तोच असल्यामुळे पहिलीच नोंद परत मिळेल? माणूस खाते उघडून पाहतो. एजंटला हे आधी सांगितलेले हवे. एमसीपीमध्ये यासाठी टूलला खुणा जोडता येतात. हे टूल फक्त वाचते, हे काही नष्ट करू शकते, हे पुन्हा चालवले तरी परिणाम बदलत नाही, अशा त्या खुणा असतात. त्या मात्र केवळ सूचक आहेत, आणि अनोळखी सर्व्हरकडून आल्या तर त्यांवर विसंबू नये असे प्रोटोकॉलच्या नियमावलीतच म्हटले आहे. वर्णनाचा मजकूर मॉडेलच्या पुढ्यात जातो, त्यामुळे वाईट हेतूने लिहिलेले वर्णन मॉडेलला भलतीकडे वळवू शकते. पैशाची नोंद बदलणाऱ्या टूलपुढे माणसाची संमती असलीच पाहिजे, वर्णन कितीही चांगले असले तरीही. यावर तडजोड होऊ नये असे मला मनापासून वाटते.

वर्णने कोणत्या भाषेत लिहावीत असे सहकारी विचारतात. सीमाभागात हा प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही, याची मला जाणीव आहे. माझा कल असा, की टूलची नावे आणि वर्णने इंग्रजीत असावीत, कारण मॉडेल त्या भाषेत अधिक खात्रीने वागतात आणि पुढे ती सांभाळणारा माणूस हुबळीचा असेल किंवा कोल्हापूरचा. नमुन्यादाखल दिलेली मूल्ये मात्र खऱ्या लिपीत हवीत. कन्नड नाव कन्नडमध्येच, मराठी पत्ता मराठीतच. रोमन अक्षरांत लिहिलेला नमुना पाहून एजंट रोमन अक्षरांतच शोधू लागतो. आणि शेवटी सभासदाच्या हाती जाणारा मजकूर त्याच्या भाषेत, त्याला कळेल असा असावा.

वर्णन लिहून झाले की ते तपासण्याची रीत सोपी आहे. कोड माहीत नसलेल्या सहकाऱ्याला आणि एजंटला तेच काम द्यायचे आणि दोघे कोठे अडतात ते पाहायचे. एजंटच्या नोंदी वाचताना तो कोठे चुकला यापेक्षा त्याने कोठे अंदाज बांधला हे शोधावे. उत्तर बरोबर आले असले तरी अंदाजाने आलेले असेल, तर वर्णनात तिथे भोक आहे. कधी कधी माहिती असूनही ती हाती लागत नाही, कारण लेखकाने तिच्याभोवती संस्थेचा इतिहास आणि सॉफ्टवेअरची स्तुती रचून ठेवलेली असते. मॉडेलची एका वेळी वाचण्याची जागा मर्यादित असते, आणि अनावश्यक वाक्य आवश्यक वाक्याची जागा अडवते.

युनिक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीची पहिली पुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 या तारखेची आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तयार केलेल्या त्या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेच्या पानावर ठरावीक मथळे होते, आणि त्यांत एक मथळा ‘बग्ज’ असा होता. आज्ञा कोठे कमी पडते ते तिच्याच पानावर उघडपणे लिहायची ही शिस्त होती. आणखी एक मथळा होता ‘ओनर’, म्हणजे त्या आज्ञेची जबाबदारी कोणाची. पहिल्या मथळ्याचे महत्त्व एजंटच्या निमित्ताने पुन्हा कळू लागले आहे, दुसऱ्याकडे मात्र अजून फारसे लक्ष गेलेले नाही. पीककर्जाचा एकरी दर बदलला, थकबाकी मोजण्याचा नियम बदलला, तर वर्णनातले वाक्य कोण बदलणार? प्रोग्रामरला नियम बदलल्याचे कळत नाही आणि सचिवाला वर्णन नावाची काही वस्तू आहे हेच ठाऊक नसते. म्हणून आम्ही आता प्रत्येक टूलच्या पानावर वर्णन शेवटचे तपासल्याची तारीख आणि दोन पदे लिहू लागलो आहोत. त्यांतले एक कोड सांभाळणाऱ्याचे असते आणि दुसरे संस्थेतल्या त्या पदाधिकाऱ्याचे, ज्याच्या सहीने तो नियम बदलतो. एप्रिलमध्ये नवे दर लागू होण्याआधी ही पाने छापून सचिवांपुढे ठेवायची आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ त्यांच्याकडून वाचून घ्यायचा, असे ठरले आहे. सुरुवात कर्जमर्यादा आणि थकबाकी या दोन पानांपासून होईल.